पंचनामा नको, पहारा हवा

न्यायालयाच्या व्यवहारात पंचनामा आणि पहारा या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पंचनामा घटना घडून गेल्यावर होतो. पहारा ती घडू नये म्हणून असतो. पंचनामा कितीही काटेकोर झाला तरी त्याने गेलेला माल परत येत नाही, आणि गेलेला माणूस तर नाहीच नाही. हा साधा भेद ज्यांना आपल्या तिजोरीच्या बाबतीत उत्तम कळतो, त्यांना तो आपल्या रानाच्या बाबतीत का कळू नये? सह्याद्रीच्या रानातील गोचिडांविषयी आपण आजवर जे केले, ते बहुतांशी पंचनामे आहेत. आम्हांला पहारा हवा आहे. आणि तोही एका विषाणूपुरता नव्हे, तर गोचिडाच्या पोटातून माणसाच्या रक्तात उतरू शकणाऱ्या जीवाणूंसाठीही हवा आहे.

'गोचीड' हा शब्द आपल्याकडे एके काळी गोठ्यापुरता होता. गुरांच्या कानामागे, कासेला, शेपटीच्या मुळाशी चिकटणारा, राखेने किंवा तंबाखूच्या पाण्याने काढावयाचा, एवढीच त्याची ओळख. 1957 साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ रानात वावरणारी माणसे तापाने आडवी झाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचे मूळ शोधून काढले. 1952 साली स्थापन झालेले हे केंद्र 1978 पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. गोचिडांमार्फत पसरणारा एक नवा विषाणू तेथे हाती आला. पुढे कित्येक दशके हे प्रकरण मुख्यतः कर्नाटकाचे मानले गेले. परंतु 2015 साली सत्तरीत आणि 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागायतीत राबणारी माणसे याच तापाने अंथरुणाला खिळली, काही दगावली. तेव्हा 'माकडताप' हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला आणि गोचीड हा गोठ्यातून वर्तमानपत्रात आला.

येथवर जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. आमचे गाऱ्हाणे पुढचे आहे. या संकटातून आपण अर्धाच धडा घेतला. माकड मेले की आरोग्य खात्याची गाडी येते. त्या जागेभोवती औषध फवारले जाते. गोचीड गोळा होतात. तापकऱ्यांचे रक्त तपासावयास जाते. या कामात उन्हातान्हात राबणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण या सर्व खटाटोपाची दृष्टी मुख्यतः एकाच विषाणूवर खिळलेली असते. आणि अहवाल जेव्हा 'नाही' असा येतो, तेव्हा सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला की प्रकरण दप्तरदाखल होते.

देवाला कौल लावण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. जो प्रश्न विचारावा त्याचेच उत्तर मिळते. उजवा कौल मिळाला तो विचारलेल्या प्रश्नाला. न विचारलेल्या प्रश्नाला नव्हे. रक्ताच्या परीक्षेचेही तसेच आहे. 'माकडताप नाही' एवढे कळले. मग काय आहे? काजू वेचून आलेली बाई पाच दिवस तापाने फणफणते आहे, डोके फुटेल असे दुखते आहे, अंगावर लालसर ठिपके उठले आहेत. तिचा अहवाल 'नाही' असा आला म्हणून तिचा ताप गेला काय? 'अमुक नव्हे' हे निदान नव्हे. तो केवळ एका संशयिताची सुटका आहे. खरा गुन्हेगार मोकळाच राहतो, आणि तो कोण असू शकतो याची यादीच रानातून कोणी करून आणलेली नसते.

त्या यादीत प्रथम नाव घालावे लागेल ते रिकेट्सिया या जातीच्या जीवाणूंचे. हे जीवाणू इतके परावलंबी आहेत की दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून त्यांना वाढता येत नाही. त्यांचे नाव ज्यांच्यावरून पडले ते हॉवर्ड रिकेट्स हे अमेरिकन संशोधक 1906 साली मोंटाना प्रांतातील बिटररूट खोऱ्यात गेले आणि तेथला जीवघेणा 'ठिपक्यांचा ताप' गोचिडाच्या चाव्याने होतो, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे 1910 साली मेक्सिकोत टायफसचा शोध घेताना त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. आपल्या देशातही ही गोष्ट नवी नाही. मेगॉ या लष्करी वैद्यक सेवेतील डॉक्टरांनी कुमाऊँच्या डोंगरातील, गोचिडांपासून होत असावा अशा टायफससदृश तापाविषयी 1921 सालीच लिहून ठेवले आहे. आज त्या रोगास 'भारतीय गोचीड-टायफस' म्हणतात. आणि महाराष्ट्र व कर्नाटकातील डॉक्टरांनी, विशेषतः बालरुग्णांत, त्याच्या नोंदी केलेल्या आहेत. म्हणजे हा पाहुणा परका नाही; शंभर वर्षांपूर्वी ज्याची वर्दी लागली, तो हा जुना बिऱ्हाडकरू आहे.

आता या दोन तापांतील एक मोठा भेद सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्यावा, कारण आमचा सारा वाद त्यावरच उभा आहे. माकडतापाच्या विषाणूवर नेमके औषध नाही; रुग्णास जपावे, पाणी-रक्त सांभाळावे आणि त्याच्या शरीराने लढाई जिंकावी, एवढेच हाती असते. रिकेट्सियाच्या तापावर मात्र औषध आहे. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त आणि तालुक्याच्या दवाखान्यातही मिळणारे औषध आहे. ते वेळेवर पोटात गेले तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर तोच जीवाणू रक्तवाहिन्यांची अस्तरे पोखरतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांपर्यंत जातो. ज्या रोगावर उपाय नाही त्याने माणूस गेला तर ते दुर्दैव म्हणावे. ज्या रोगावर उपाय दवाखान्याच्या कपाटात पडलेला असताना केवळ कोणाच्या मनात शंका आली नाही म्हणून माणूस जातो, त्याला दुर्दैव म्हणणे हा दुर्दैवावर अन्याय आहे. कायद्याच्या भाषेत त्याला हयगय म्हणतात.

शंका मनात येण्यास आधार लागतो. तो आधार प्रयोगशाळेतून वेळेवर क्वचितच मिळतो. या तापासाठी खेडोपाडी अद्याप जी वाइल-फेलिक्स परीक्षा चालते, ती शंभर वर्षांहून जुनी आहे. दुसऱ्याच एका जीवाणूच्या साहाय्याने केलेला तो अंदाज असतो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. शिवाय रक्तातील साक्ष उमटावयास आठवडा जातो; तोवर रोग्याचे भवितव्य ठरून गेलेले असते. म्हणूनच उपचार संशयावरून सुरू करावा असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि संशय रास्त की अनाठायी, हे ठरविण्यास डॉक्टरला एक गोष्ट ठाऊक असावी लागते: या रानातल्या गोचिडांत या ऋतूत काय आहे? ते सांगणारी वही त्याच्या टेबलावर नाही. ती वही असावी, एवढीच आमची मागणी आहे.

कोणी म्हणेल, संकट यावयाचे असेल तर निसर्ग स्वतःच सूचना देतो. हा समज समूळ खोडून काढणे अवश्य आहे. प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की गाव रिकामे करावे, हे आपल्या पूर्वजांना अनुभवाने कळले होते. उंदरांच्या अंगावरील पिसवांचा त्यात हात आहे हे सिमाँ यांनी 1898 साली कराचीत दाखवून दिले, पण मेलेला उंदीर ही नोटीस होती हे लोकांना त्याआधीच ठाऊक होते. माकडतापात मेलेले माकड हीच नोटीस. परंतु ठिपक्यांच्या तापाचा जीवाणू अशी नोटीस बजावीत नाही. तो गोचिडाच्या मादीतून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढल्या पिढीत उतरू शकतो; गोचीड हाच त्याचा वाहक आणि गोचीड हाच त्याचा वाडा. त्याच्यापायी रानात प्रेतांचा खच पडत नाही. वानर झाडावर खुशाल बसलेले असते, उंदीर बिळात नांदत असतो. पहिली नोटीस निघते ती माणसाच्या अंगावर. अशा गुप्त शत्रूच्या बाबतीत 'माकडे मेली नाहीत, सबब पाहणीचे कारण नाही' असे म्हणणे म्हणजे घराला आग लागेपर्यंत विहिरीला रहाट न बसविण्यासारखे आहे.

'रोगी नाहीत, मग पाहणी कशाला?' हा यापुढील आक्षेप. वकिलीच्या धंद्यात चक्राकार युक्तिवाद नित्य ऐकावे लागतात, पण याच्याइतका गुळगुळीत क्वचितच आढळतो. रोगी नाहीत, कारण तपासणी नाही. तपासणी नाही, कारण रोगी नाहीत! इतिहास या आक्षेपाच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो, आणि ती साक्ष एकाच प्रयोगशाळेतून आलेली आहे. बिटररूट खोऱ्यातील हॅमिल्टन या गावी 1928 साली गोचिडांच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा उभी राहिली. तेथील डेव्हिस यांनी ठिपक्यांच्या तापाचा माग काढताना 1935 साली 'नाइन माइल' या ठिकाणचे रानगोचीड गोळा केले. त्यांत अपेक्षित जीवाणूऐवजी भलताच एक निघाला. पुढे कॉक्स या सहकाऱ्यासह त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातील कामगारांना होणाऱ्या अनोळखी तापाचा शोध डेरिक घेत होते. 1938 च्या सुमारास दोन्ही धागे जुळले आणि कळले की अमेरिकेतील गोचिडांत सापडलेला जीवाणू आणि ऑस्ट्रेलियातील तापाचा जीवाणू एकच. आज तो 'क्यू ताप' म्हणून ओळखला जातो. माणसाला तो गोचिडापेक्षा बहुधा व्यालेल्या जनावरांच्या वारेतून आणि गोठ्यातील धुळीतून होतो. पण त्याचा पत्ता पहिल्यांदा लागला तो रानगोचिडांच्या पाहणीत.

दुसरी साक्ष याच प्रयोगशाळेतील बुर्गडॉर्फर यांची. 1981 साली न्यूयॉर्कजवळील शेल्टर बेटावरचे गोचीड ते रिकेट्सियासाठी तपासत होते. सापडले ते निराळेच: मळसूत्री आकाराचे जीवाणू. कनेटिकटमधील लाइम गावच्या मुलांचे सांधे का सुजतात, हे कोडे 1970 च्या दशकापासून डॉक्टरांना पडले होते. त्याची किल्ली 1982 साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने मिळाली. शोधावयास निघाले एक, सापडले दुसरे. पण सापडले ते शोधावयास निघाले म्हणून! घरी बसून राहणाऱ्यास चुकूनही काही सापडत नाही.

आता पाहणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कारण पुष्कळ विरोध अज्ञानातून उगवतो. एक हात-दीड हात रुंदीचे पांढरे फ्लॅनेलचे फडके काठीला बांधून पायवाटेच्या कडेच्या गवता-झुडपांवरून हळूहळू ओढावयाचे. पानाच्या टोकाशी पुढले पाय पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहत बसलेला गोचीड त्याला जनावर समजून बिलगतो. ठरावीक पावलांवर थांबून फडके उलटावयाचे आणि चिकटलेले गोचीड चिमट्याने वेचून कुपीत भरावयाचे. त्यांतली सहा पायांची पिले आणि आठ पायांची खसखशीएवढी बाल्यावस्थेतील गोचिडे डोळ्यांना सहज दिसतही नाहीत. आणि माणसाला चावणाऱ्यांत त्यांचाच भरणा अधिक. आमच्या रानात पावसाळा सरल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत त्यांचा सुकाळ असतो. म्हणजे काजू वेचण्याचा, पातेरा गोळा करण्याचा आणि आपल्या बहुतेक जत्रांचा काळ तोच. पुढे प्रयोगशाळेत त्यांची जात आणि अवस्था ओळखून पाच-दहांचे गट करतात, ते वाटून त्यांतील जनुकद्रव्य वेगळे काढतात आणि पीसीआर पद्धतीने त्यात अमुक जीवाणूचा जनुक आहे काय हे पाहतात. यात कोठेही झाड तोडावे लागत नाही, प्राणी मारावा लागत नाही, माणसाला सुई टोचावी लागत नाही.

खर्चाचा आक्षेप यापुढे फार वेळ टिकत नाही. माकडतापासाठी गोचीड गोळा करण्याचे काम जेथे होतच आहे, तेथे रानात जाण्याचा, वेचण्याचा, ओळखण्याचा खर्च आधीच झालेला असतो. वाटलेल्या त्याच नमुन्यातून विषाणूचे द्रव्यही निघते आणि जीवाणूंचेही. विहीर खणून झाली आहे. आम्ही फक्त दुसरा पोहरा सोडा म्हणतो. तरीही कोणी पैशाचे निमित्त पुढे केले, तर माळव्यातील आमच्या वाचकांना सुपरिचित असलेल्या रतलामचे स्मरण द्यावे लागेल. गटारे आणि संडास यांच्या सोयीसाठी तेथील नागरिकांनी नगरपालिकेविरुद्ध केलेल्या तक्रारीत 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले, की सार्वजनिक आरोग्याचे वैधानिक कर्तव्य टाळण्यास तिजोरीतील खडखडाट ही सबब चालणार नाही. राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य मानले आहे. तो अनुच्छेद न्यायालयात थेट बजावून घेता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण जे बजावून घेता येत नाही ते पाळूच नये, असा त्याचा अर्थ कोणत्या शहाण्याने लावला? प्लेगच्या काळात, 1897 साली झालेला साथरोगांचा कायदासुद्धा साथ आल्यावरच नव्हे, तर साथीचा धोका असतानाही शासनाला अधिकार देतो. धोका आहे की नाही हे पाहण्याचे साधनच ठेवावयाचे नाही, म्हणजे तो शब्द कायद्याच्या पुस्तकात जन्मभर झोपला तरी हरकत नाही!

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. सरकारला दोष देणे सोपे. त्याला टाळ्याही मिळतात. परंतु या बाबतीत आपल्या देवस्थानांच्या ओसरीवरही काही कमी अडथळे नाहीत. 'देवराईत माणसे फडकी ओढीत फिरू लागली तर पावित्र्याचा भंग होईल', 'आमच्या रानात रोग आहे असे छापून आले तर जत्रेला कोण येईल?', 'देवाच्या रानावर बालंट कशाला?' असे उद्गार निघतात. त्यांमागे श्रद्धा आहे हे आम्हांस मान्य आहे; पण श्रद्धेच्या आडून हिशोबही डोकावतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

पावित्र्याचा मुद्दा आधी घेऊ. देवराईचे दंडक आपल्या वाडवडिलांनी घालून दिले आहेत: कुऱ्हाड चालवू नये, फांदी मोडू नये, शिकार करू नये. त्यांतल्या कोणत्या दंडकाला पांढरे फडके बाधक आहे? उलट, पुष्कळ देवरायांत पायताण बाहेर काढून अनवाणी शिरण्याची रीत आहे. जो भक्तिभावाने अनवाणी शिरतो, त्याच्याच पायाला गोचीड आधी चिकटतो. देवापुढे नम्र होऊन आलेल्या माणसाला त्या नम्रतेची शिक्षा भोगावी लागू नये, ही काळजी वाहणे हे मानकऱ्यांचे आणि महाजनांचे कर्तव्य नव्हे काय? आणि पाहणीत देवराईला दोषी ठरविण्याचा हेतू नाहीच. रान तुटते, त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांच्या कडेला गुरे, माणसे आणि वानरे एकत्र येतात, तेथे गोचिडांचे फावते, असे माकडतापाच्या अभ्यासकांनी सांगितले आहे. तेव्हा राखलेल्या रानाची आणि तोडलेल्या रानाची तुलना झाली, तर ती देवराईचा कैवार घेणारी साक्ष ठरण्याचाही संभव आहे. साक्षीदाराला पिंजऱ्यात येऊ न देणारा पक्ष स्वतःच संशय ओढवून घेतो.

बदनामीच्या भीतीचीही एक जुनी कथा आहे. बिटररूटच्या त्याच खोऱ्यात जमिनी विकणाऱ्यांना आपल्या प्रांताचे नाव तापाशी जोडलेले खपत नव्हते. गोचीड मारण्यासाठी गुरांना औषधी पाण्यात बुडविण्याचे हौद बांधले, तर चिडलेल्यांनी एक हौद सुरुंगाने उडवून दिला. हॅमिल्टनला प्रयोगशाळा होणार म्हणताच तेथून गोचीड गावात येतील अशी ओरड झाली, आणि लोकांच्या समाधानासाठी इमारतीभोवती पाण्याचा खंदक ठेवावा लागला! आज त्या खोऱ्याचे नाव बुडाले आहे काय? ज्या प्रयोगशाळेची लाज वाटत होती, तिच्याच नावाने ते गाव आज विद्वज्जगतात ओळखले जाते. रोग लपविल्याने गावाची अब्रू राहत नाही. रोग ओळखून त्याचा बंदोबस्त केल्याने राहते.

मात्र या वादात दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही आवरणे अवश्य आहे. गोचिडात जीवाणू सापडला असे कळताच रान जाळा, विष फवारा, वानरे हाकला अशी आरोळी ठोकणारे कमी नाहीत. त्यांना पुराव्याचा कायदा समजावून सांगावा लागेल. घटनास्थळाजवळ आढळला म्हणून कोणी खुनी ठरत नाही. पीसीआरने जनुकाचा तुकडा दाखविला. त्यावरून तो जीवाणू जिवंत होता, चाव्यातून माणसात उतरतो आणि उतरून रोग करतो, ही तिन्ही कलमे सिद्ध होत नाहीत. गाईच्या अंगावरून काढलेला, रक्त प्यालेला गोचीड असेल तर सापडलेला जीवाणू गाईच्या रक्तातलाही असू शकेल. ती ऐकीव साक्ष झाली. फडक्यावर मिळालेल्या उपाशी गोचिडाची साक्ष त्याहून वजनदार, कारण तो पुढल्या सावजाची वाट पाहत होता. पण तीही अखेरची नव्हे. पार्कर या संशोधकाने 1937 साली टेक्सासातील गोचिडांत एक रिकेट्सिया शोधला. साठांहून अधिक वर्षे तो माणसाला निरुपद्रवी गणला गेला. 2004 साली त्याने आजारी पडलेल्या पहिल्या माणसाची खात्रीलायक नोंद प्रसिद्ध झाली, आणि पूर्वी दुसऱ्याच तापाच्या नावावर खपलेले काही रोगी याचेच असावेत असे वाटू लागले. या एका उदाहरणात दोन्ही पक्षांना उत्तर आहे. सापडला म्हणजे दोषी, असे म्हणू नये. आणि आज निर्दोष सुटला म्हणून त्याचे नाव वहीतून खोडूही नये. पाहणी हा निवाडा नव्हे. ती नोंद आहे. निवाडा रोग्याच्या बिछान्याशी, डॉक्टरच्या विवेकाने व्हावयाचा आहे.

राहता राहिला सीमेचा प्रश्न. आणि तो आमच्या वाचकांइतका कोणाला जिव्हाळ्याचा असणार? सत्तरीचे रान, दोडामार्गचे रान आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचे रान ही नकाशावर तीन राज्यांत पडतात. जमिनीवर ते एकच अखंड अरण्य आहे. एका बाजूला म्हादई, दुसरीकडे भीमगड अशी अभयारण्ये एकमेकांना बिलगून आहेत. मुलींच्या सासर-माहेराने, देवांच्या पालख्यांनी, गुरांच्या बाजारांनी ही गावे शतकानुशतके जोडलेली आहेत. सांबर, रानडुक्कर आणि वानर यांना चोर्ल्याचा घाट ओलांडताना कोणी परवाना विचारीत नाही, आणि त्यांच्या अंगावरील गोचीडही आपले राज्य सांगत नाही. भाषेच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर ही राज्ये न्यायालयात एकमेकांसमोर उभी आहेत. ते वाद त्यांनी तेथे लढावेत. पण निदान गोचिडांची वही तरी एकच असू द्या! खानापूरच्या बाजूला जे सापडले ते सत्तरीच्या डॉक्टरला त्याच ऋतूत कळावे, यासाठी कोणाला आपला सीमेवरील हक्क सोडावा लागत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. पहिले, ठरावीक जागी, ठरावीक रीतीने, माकड मेलेले असो वा नसो, बारमाही फडके ओढले जावे. संशोधक येतात, अभ्यास करतात आणि जातात, तो पहारा नव्हे. दुसरे, माकडतापासाठी वेचलेल्या गोचिडांच्या नमुन्यांत रिकेट्सियादी जीवाणूंचाही शोध नियमाने घेतला जावा आणि उरलेले द्रव्य पुढील तपासासाठी जपून ठेवावे. तिसरे, निष्कर्ष वर्षभराने इंग्रजी निबंधात न दडता त्याच हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मराठी, कोंकणी व कन्नड भाषांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यावेत. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याचे चौथे कलम कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन शासनावर घालते; ते बंधन कागदावरच राहू नये. चौथे, तापाचा रोगी रानातून आलेला असेल आणि माकडतापाचा अहवाल 'नाही' असा आला, तर तेथेच कागद मिटू नये. तेथून पुढचा तपास सुरू व्हावा.

आणि शेवटचे मागणे आपल्या देवस्थानांकडे. गोव्यातील महाजनांच्या सभा 1933 च्या नियमावलीनुसार आजही भरतात. सिंधुदुर्गात आणि बेळगावच्या बाजूला देवस्थान समित्या आहेत. नवे प्रवेशद्वार, नवी फरशी, नवा ध्वनिक्षेपक यांवर तेथे तासन् तास खल होतो. त्याच सभेत एक ठराव साध्या शब्दांत मंजूर व्हावा: आमच्या देवराईत व मंदिराच्या गुरांवर गोचिडांची पाहणी करण्यास आमची संमती आहे, आणि तिचा निष्कर्ष आम्ही जत्रेच्या पत्रिकेशेजारी मंदिराच्या फळ्यावर लावू. रानातून आल्यावर अंग तपासावे, चिकटलेला गोचीड बोटांनी चिरडू नये, चिमट्याने सरळ ओढून काढावा आणि पुढे ताप आला तर डॉक्टरला रानाचे नाव सांगावे, या चार ओळीही त्याखाली असाव्यात. अशा ठरावाला पैसा लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही आणि धर्मशास्त्राचा आधार शोधावा लागत नाही. राखणदाराला नैवेद्य दाखवून रान राखण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपविणारे आपण, त्या राखणीतला आपला वाटा केव्हा उचलणार, एवढेच आता ठरावयाचे आहे.